तुटलेले धनुष्य काय सांगते?

धनुर्भंग म्हटला की मराठी मनासमोर एकच प्रसंग उभा राहतो. जनकाची भरलेली सभा, एकामागून एक हतबल झालेले राजे आणि प्रत्यंचा चढविता चढविता कडाडून मोडलेले शिवधनुष्य. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभच या कथेने झाला. अवघड काम अंगावर घेणाऱ्याला ‘शिवधनुष्य पेलले’ असे आपण आजही म्हणतो. या कथेत धनुष्य मोडणे हा पराक्रम आहे. ज्याने ते घडविले त्याला त्या आवाजाने काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

लाकडाच्या एका सलग तुकड्यातून हाताने धनुष्य घडविणाऱ्यांच्या दृष्टीने तो आवाज हा नित्याचा अनुभव आहे. युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत ही कला पुन्हा जोपासली जाऊ लागली आहे. छंद म्हणून ती शिकणाऱ्यांपैकी ज्याचे पहिलेच धनुष्य टिकले, असा माणूस विरळा. वर्षभर वाळवलेले लाकूड, कित्येक संध्याकाळची तासणी आणि शेवटच्या टप्प्यावर एका क्षणात दोन तुकडे! पुष्कळजण इथेच थांबतात. उरलेले बहुतेक तुकडे सरपणात टाकून नवे लाकूड हाती घेतात आणि काही आठवड्यांनी तीच चूक पुन्हा करतात. फार थोडे लोक ते तुकडे जपून ठेवतात आणि त्यांचा अभ्यास करतात. अनुभवी कारागीर या तिसऱ्या गटातून तयार होतात.

या अभ्यासाचे सार एका वाक्यात सांगता येईल. धनुष्य जिथे तुटते, तिथे बहुधा चूक झालेली नसते. ती शेजारी झालेली असते किंवा फार पूर्वी झालेली असते. हे एकदा उमगले, की अपयशाकडे पाहण्याची रीतच बदलते.

पाठ आणि पोट

त्यासाठी आधी धनुष्याचे काम समजून घ्यायला हवे. धनुष्याची लक्ष्याकडे असणारी बाजू म्हणजे पाठ आणि धनुर्धराकडे असणारी बाजू म्हणजे पोट. मधली मूठ सोडली तर वर एक आणि खाली एक असे दोन बाहू असतात. दोरी ओढली की हे बाहू वाकतात. त्या वेळी पाठीवरचे तंतू ताणले जातात आणि पोटावरचे तंतू दाबले जातात. दोहोंच्या मधोमध असा एक थर असतो, की ज्याला ना ताण असतो ना दाब. जो भाग या मधल्या थरापासून जितका दूर, तितका त्याच्यावरचा भार अधिक. म्हणजे धनुष्याचे खरे काम त्याच्या दोन पृष्ठभागांवरच चालते.

बहुतेक निर्दोष लाकडे दाबापेक्षा ताण अधिक सोसतात. त्यामुळे तंतू अखंड असतील तर पाठ सहसा टिकते आणि आधी पोट थकते. परंतु पाठीवरचे तंतू कुठे कापले गेले असतील, तर हाच हिशेब उलटा होतो. दोरीचा एखादा पेड तुटला की ती तिथूनच उसवत जाते, तसे लाकूड त्या जागेपासून सोलत जाते.

दुसरी गोष्ट जाडीची. बाहूची रुंदी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर मात्र तो आठपट होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. पंधरा मिलिमीटर जाडीच्या बाहूवरून केवळ एक मिलिमीटर लाकूड काढले, तरी तेथील ताठपणा सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. जाड रंध्याचे दोन-चार हात मारले की खेळ संपतो, तो यामुळेच. शेवटच्या टप्प्यात जाणते कारागीर रंधा आणि कानस बाजूला ठेवून धारदार पात्याने लाकूड केवळ खरवडतात आणि निघणारी साल कागदासारखी पातळ ठेवतात. काढलेले लाकूड पुन्हा लावता येत नाही, हा या कलेचा पहिला नियम आहे.

या खरवडण्यालाच इंग्रजीत ‘टिलरिंग’ म्हणतात. धनुष्य एका खुंटाळ्यावर आडवे बसवून त्याची दोरी थोडी थोडी खाली ओढायची, लांब उभे राहून दोन्ही बाहूंचा बाक न्याहाळायचा, जो भाग वाकत नाही तिथे खूण करायची, तेवढाच भाग खरवडायचा आणि पुन्हा ओढून पाहायचे. प्रत्येक खरवडणीनंतर धनुष्य वीस-तीस वेळा हलके ओढावे लागते, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम बाकामध्ये लगेच उमटत नाही. तो उमटण्याआधीच पुन्हा हत्यार चालविणे ही शिकाऊ कारागिराची नेहमीची घाई असते.

मोडण्याचे चार प्रकार

लाकडी धनुष्याच्या अपयशाचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

पहिला प्रकार पाठ फुटण्याचा. पाठीवरची चिरफळी उचलली जाते आणि तडा तंतूंच्या दिशेने तिरका पळत जातो. तुकडे नीट पाहिले तर तडा जिथून सुरू झाला, तिथे बहुतेक वेळा लाकडाची रेषा कडेला जाऊन संपलेली दिसते. म्हणजे फळी निवडताना किंवा तासताना तिरकी रेषा कापली गेलेली असते. ओसेज ऑरेंजसारख्या लाकडात कारागीर पाठीवर एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखतात. पाठीवर गाठ आली तर ती सपाट न करता तिच्याभोवती लाकडाचा उंचवटा तसाच सोडतात. या प्रकारात धनुष्य चुकीच्याच जागी तुटते हे खरे, परंतु चूक मात्र फार जुनी असते. ती धनुष्य ओढण्याच्या दिवशी घडलेली नसते. लाकूड निवडले त्या दिवशीच ती घडून गेलेली असते.

दुसरा प्रकार पोट दबण्याचा. इथे धनुष्य तुटत नाही. पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या उमटतात. दाब असह्य होऊन तेथील तंतू चुरमडलेले असतात. सुरकुत्या एका जागी गोळा झाल्या असतील, तर तो भाग शेजारच्या भागांपेक्षा अधिक वाकत आहे असे समजावे. त्या सगळ्या पोटावर विखुरल्या असतील, तर त्या लाकडासाठी धनुष्याचा आराखडाच अरुंद किंवा आखूड पडला आहे.

तिसरा प्रकार कायमच्या बाकाचा. दोरी उतरवली तरी बाहू पूर्ववत सरळ होत नाहीत, ते धनुर्धराच्या बाजूला थोडे झुकलेलेच राहतात. इंचभर झुकाव बहुतेक धनुष्यांत येतोच. तो दोन इंचांच्या पुढे गेला, तर धनुष्य मंद होते आणि बाण आळसावल्यासारखा सुटतो. याचे नेहमीचे कारण म्हणजे ओले लाकूड. दुसरे कारण म्हणजे बाक सर्वत्र सारखा होण्याआधीच जोराने ओढण्याचा मोह. या दोहोंची नोंद लाकूड आपल्या पोटात ठेवते आणि ती पुसता येत नाही.

चौथा प्रकार बिजागरीचा. बाहूचा सर्व बाक एकाच जागी गोळा होतो आणि दाराच्या बिजागरीवर फळी वळावी तसा बाहू तिथेच दुमडतो. उरलेला बाहू ताठ, आळशी आणि सुरक्षित राहतो. सारा भार त्या एका वितीवर येतो आणि काही दिवसांत धनुष्य तिथेच तुटते.

दोष एकीकडे, उपाय दुसरीकडे

शिकणाऱ्याची खरी परीक्षा बिजागरीपाशी होते. दोष डोळ्यांना स्पष्ट दिसतो आणि हात आपोआप तिकडे वळतो. पण त्या जागी काढण्यासारखे काहीच नसते. तिथे लाकूड आधीच कमी आहे, म्हणून तर ती जागा वाकते आहे. उपाय एकच. त्या जागेला मुळीच हात लावायचा नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे ताठ भाग हळूहळू खरवडून त्यांना वाकायला भाग पाडायचे. सर्वांनी आपापला वाटा उचलला की दुबळ्या जागेवरचा भार आपोआप हलका होतो.

याची किंमतही मोजावी लागते. पन्नास पौंडांचे ठरवलेले धनुष्य चाळीस पौंडांवर येते. शिकाऊ कारागिराला हे मान्य होत नाही. ठरवलेला जोर टिकवायचा म्हणून तो बिजागरी तशीच ठेवतो आणि शेवटी जोर व धनुष्य दोन्ही गमावतो. मनात ठरवलेल्या आकड्यापायी हाती आलेले चांगले धनुष्य मोडणे, हे या कलेतील सर्वाधिक वेळा घडणारे आणि सर्वात टाळता येण्याजोगे नुकसान आहे.

हा उपाय आजचा नाही. रॉजर अ‍ॅस्कम या इंग्रज विद्वानाचा ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरील ग्रंथ १५४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथचे ते शिक्षक होते. दोन मित्रांच्या संवादाच्या रूपात लिहिलेल्या या ग्रंथात धनुष्य मोडण्याच्या कारणांची चर्चा आहे. सदोष दोरी, प्रमाणाबाहेर ओढणे आणि पोटावरच्या सुरकुत्या ही त्यांतील प्रमुख कारणे. सुरकुत्यांबाबत अ‍ॅस्कम यांचा सल्ला असा, की त्या बारीक असतानाच ओळखाव्यात आणि त्यांच्या आजूबाजूचे लाकूड थोडे खरवडून तो भागही तितकाच वाकता करावा, म्हणजे सुरकुती पुढे वाढत नाही. पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजचा कारागीर जसाच्या तसा पाळतो.

जाडीचा चकवा

धनुष्य तुटले की पुढचे जाड करावे, असे कुणालाही वाटेल. खुर्चीचा पाय मोडला तर आपण जाड पाय लावतो, कोयत्याचा दांडा मोडला तर जाड दांडा बसवतो. धनुष्याच्या बाबतीत हा व्यवहारी शहाणपणा नेमका उलटतो.

दांड्याने वाकू नये अशी आपली अपेक्षा असते. धनुष्याला मात्र वाकावेच लागते, आणि तेही ठरलेल्या मापापर्यंत. सारख्याच बाकापर्यंत वाकविल्यास जाड पट्टीच्या पृष्ठभागावरचे तंतू पातळ पट्टीच्या तंतूंपेक्षा अधिक ताणले जातात, कारण ते मधल्या थरापासून दूर असतात. जाडी दुप्पट केली तर पृष्ठभागाची ओढाताणही दुप्पट होते. याचा अर्थ असा, की भीतीपोटी जाड केलेले धनुष्य पहिल्यापेक्षा लवकर तुटण्याचा संभव असतो. जोर हवा असेल तर रुंदी वाढवावी आणि तूट टाळायची असेल तर लांबी वाढवावी. रुंदीने जोर वाढतो, पण तंतूंवरची ओढ वाढत नाही. लांबीने तोच बाक अधिक लाकडात वाटला जातो.

यासाठी कारागिरांचा एक साधा ठोकताळा आहे. बाण जितका मागे ओढायचा त्याच्या दुपटीत साधारण एक दशांश मिळवावा. मूठ ताठ ठेवायची असेल तर आणखी काही इंच द्यावेत. २८ इंच ओढ असणाऱ्याने ताठ मुठीचे पहिले धनुष्य ६६ ते ६८ इंचांचे करावे, म्हणजे चुकांना थोडी जागा राहते. आखूड, देखणे धनुष्य करण्याची हौस पाच-सहा धनुष्यांनंतर भागवावी.

एका संपूर्ण पिढीची चूक

अपयशाचा असा अर्थ लावण्याने एका देशाच्या धनुष्याचा आकारच बदलल्याचे उदाहरण आहे. मध्ययुगीन इंग्लंडचे प्रसिद्ध लांब धनुष्य प्रामुख्याने यू या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाचे असे. या लाकडाचे फिकट रसकाष्ठ ताण चांगला सोसते आणि त्याखालील गडद मध्यकाष्ठ दाब सोसण्यात असामान्य आहे. पाठीवर रसकाष्ठ आणि पोटात मध्यकाष्ठ ठेवले, की एकाच झाडातून दोन स्वभावांची लाकडे जणू जन्मतःच जोडलेली मिळतात. त्यामुळे यूच्या धनुष्याचे पोट अरुंद आणि गोल ठेवले तरी ते टिकते.

हाच गोल पोटाचा आराखडा पुढे अमेरिकेत प्रमाण मानला गेला आणि इतर लाकडांनाही लावला गेला. हिकरी, अ‍ॅश, एल्म ही लाकडे ताणाला चिवट असली तरी दाबाला यूची बरोबरी करू शकत नाहीत. गोल पोटाच्या टोकाला असणाऱ्या मोजक्या तंतूंवर सारा दाब पडतो. परिणामी ही धनुष्ये झुकत, सुरकुतत. दोष लाकडाचा मानला गेला आणि यू हेच धनुष्याचे लाकूड, ही समजूत पक्की झाली.

१९३०च्या सुमारास क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लोपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याच्या यांत्रिकीचा पद्धतशीर अभ्यास केला. सपाट पोटाचा, आयताकृती छेदाचा बाहू दाब सर्व रुंदीवर वाटून घेतो, हे त्यातून पुढे आले. रुंद, सपाट बाहूंची धनुष्ये त्यानंतर रूढ झाली आणि पूर्वी निकामी ठरलेली लाकडे उपयोगी ठरली. दोष लाकडाचा नव्हता, त्याला दिलेल्या आकाराचा होता. गंमत अशी, की डेन्मार्कच्या होल्मेगार्ड येथील दलदलीत १९४४ मध्ये सापडलेली सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची एल्मची धनुष्येही रुंद बाहूंचीच निघाली. अश्मयुगातील माणसाने गणित न मांडताच हे उत्तर शोधले होते. त्यासाठी त्याच्या किती धनुष्यांचे तुकडे झाले असतील, याची कल्पनाच करावी.

शिकविणारा नसेल तेव्हा

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. बाजारात तंतुकाचेची धनुष्ये मिळतात, ती तुटत नाहीत आणि नेमही चांगला साधतात. पण प्रश्न धनुष्यापुरता नाही. ज्या हस्तकलेची गुरुशिष्यपरंपरा खंडित झाली आहे, ती परत कशी मिळवायची, हा आहे.

कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा माणूस १९११ मध्ये ओरोव्हिल गावी एकटाच प्रकट झाला. त्याला ‘इशी’ या नावाने ओळखले जाऊ लागले. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला आणि तेथील डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य-बाण घडवायला व चालवायला शिकले. इशी ज्युनिपरच्या लाकडाचे आखूड धनुष्य करी आणि त्याच्या पाठीवर जनावरांच्या स्नायुतंतूंचा थर चिकटवी. आखूड लाकडाची पाठ ताणाने फुटते, या अडचणीवरचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्तर होते. १९१६ मध्ये क्षयाने इशीचा मृत्यू झाला. पोप यांचे धनुर्विद्येवरील लेखन १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतील धनुष्यनिर्मितीच्या पुनरुज्जीवनाला त्याने मोठी चालना दिली. एका जमातीचे धनुष्यज्ञान एका माणसाच्या जेमतेम पाच वर्षांच्या सहवासातून जेवढे उतरले, तेवढेच उरले.

इंग्लंडची कथा निराळी नाही. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ बुडाले, म्हणजे ज्या वर्षी अ‍ॅस्कम यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी ते पाण्याबाहेर काढण्यात आले. त्यातून १७२ धनुष्ये मिळाली आणि त्यांतील १३७ अखंड होती. बाण तर साडेतीन हजारांहून अधिक निघाले. तोवर त्या काळातील इंग्रजी धनुष्यांचे नमुने बोटांवर मोजण्याइतकेच ठाऊक होते. ही धनुष्ये ओढण्यास लागणारा जोर बहुतांशी शंभर पौंडांच्या वर असावा, असे अनुमान निघाले. ऑलिंपिकमधील धनुर्धर पन्नास पौंडांच्या आसपासचे धनुष्य वापरतात, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. जहाजासोबत धनुष्ये वर आली, पण ती करणारे हात आले नाहीत. तशी धनुष्ये पुन्हा करू पाहणाऱ्यांना शिकविणारा कोणी उरला नव्हता. मूळ नमुन्यांची मापे आणि स्वतःच्या हातून मोडलेली धनुष्ये, एवढीच साधने त्यांच्यापाशी होती.

१९९१ मध्ये ऑस्ट्रिया-इटली सीमेवरील आल्प्स पर्वतात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाजवळही यूचे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते. ते अर्धवट होते. तासल्याच्या खुणा त्यावर अजून स्पष्ट दिसतात. भात्यातील चौदा बाणांपैकी दोनच पूर्ण होते. पूर्ण झालेल्या धनुष्यावरून ते कसे घडले हे कळणे कठीण, कारण शेवटची खरवडणी आधीच्या सर्व खुणा पुसून टाकते. अर्धवट राहिलेले आणि मोडलेले धनुष्य मात्र आपली रीत उघडी ठेवते.

आपल्याकडचे लाकूड, आपल्याकडची हवा

महाराष्ट्रात या विषयाचे धागे परके नाहीत. आपल्या पानझडी जंगलांत आढळणाऱ्या धामण या वृक्षाचे लाकूड चिवट आणि लवचीक असून हत्यारांचे दांडे, कावडी आणि धनुष्ये यांसाठी ते वापरले जात आले आहे. संस्कृतात या वृक्षाला ‘धन्वन’ म्हणतात आणि ‘धन्वन्’ या शब्दाचा एक अर्थ धनुष्य असाही आहे. सातपुड्यातील भिल्ल समाजाचे धनुष्य बांबूचे असते, आणि त्याची दोरीही अनेकदा बांबूच्याच चिरफळीची असते. बांबूचे बळकट तंतू बाहेरच्या सालीलगत दाट असतात. त्यामुळे लाकडाच्या पाठीबाबतचा नियम बांबूलाही लागू पडतो. पाठीकडील कठीण साल तासून गुळगुळीत करणे म्हणजे धनुष्याचे बळच काढून घेणे होय.

मात्र परदेशी अनुभवावर विसंबणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. उष्ण प्रदेशातील पुष्कळ झाडांत वार्षिक वलये स्पष्ट नसतात. सागवानासारखे काही अपवाद आहेत. जिथे वलय दिसत नाही, तिथे तंतूंच्या दिशेवर भर द्यावा लागतो. करवतीने कापलेल्या फळीपेक्षा पाचर मारून फोडलेले लाकूड इथे अधिक विश्वासाचे असते, कारण ते तंतूंच्या वाटेनेच दुभंगते.

दुसरी गोष्ट हवेची. धनुष्याच्या लाकडात साधारण ८ ते १० टक्के ओलावा योग्य मानतात. हवेतील आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तेच लाकूड हळूहळू १६ टक्क्यांपर्यंत पोचते. कोकणात किंवा मुंबईत श्रावणात खुंटाळ्यावर चढवलेले धनुष्य म्हणूनच झुकते, आणि दोष कारागिराच्या हाताला दिला जातो. उलट विदर्भातील मे महिन्यात अतिकोरडे झालेले लाकूड ठिसूळ होऊन काडकन मोडते. वाळणारे लाकूड ठराविक दिवसांनी तोलून वजनाची नोंद ठेवावी. वजन घटायचे थांबले, म्हणजे लाकडाने हवेशी जुळवून घेतले. मात्र ती हवा पावसाळ्याची असेल तर थांबलेल्या वजनानेही फसू नये. लाकडाच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावावा, म्हणजे ती आधी वाळून चिरत नाहीत. झाड तोडण्यापूर्वी आवश्यक परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

तुकड्यांचे वाचन

धनुष्य तुटल्यावर काय करावे, याची एक शिस्त आहे. प्रथम सर्व तुकडे गोळा करावेत, बारीक चिरफळ्यांसह. एक बाहू तुटताच दुसराही हिसक्याने तुटू शकतो. अशा वेळी कोणता तडा पहिला, हे ठरविल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

मग तुटलेले टोक पाहावे. लांब, केसाळ चिरफळ्या निघाल्या असतील तर लाकूड निरोगी होते, भार अधिक पडला. गाजर मोडावे तसा आखूड, स्वच्छ तुकडा पडला असेल तर लाकूड अतिकोरडे, कुजके किंवा मुळातच ठिसूळ होते. तडा तिरका कडेला गेला असेल तर रेषा कापली गेली. त्यानंतर नजर तुटलेल्या जागेवरून हलवावी आणि उरलेला बाहू तपासावा. त्याच्या कडेला सरळ पट्टी धरली, की कोणता भाग कायमचा झुकला आणि कोणता तसाच सरळ राहिला ते दिसते. झुकलेला भाग राबलेला असतो. सरळ राहिलेल्या भागाने आपला वाटा उचललेला नसतो. पुष्कळदा खरा अपराधी हा न वाकलेला भागच असतो, आणि तो तुकडा मात्र दिसायला अगदी धडधाकट असतो.

शेवटी मोजमाप. दर दोन-तीन इंचांवर रुंदी आणि जाडी मोजून वहीत लिहावी. लाकूड कोणते, केव्हा तोडले, किती वाळवले, कोणत्या टप्प्यावर किती ओढले, कोणत्या महिन्यात काम केले, हेही लिहावे. ज्याच्यापाशी ही वही नाही, त्याच्याकडे दहा तुटलेली धनुष्ये असूनही एकाचाच अनुभव असतो.

सुरक्षिततेचे नियमही अशाच अपघातांतून आले आहेत. खुंटाळ्यावरील धनुष्य दोरी व कप्पीच्या साह्याने लांबून ओढावे, पहिल्या काही ओढींच्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाण नसेल तर त्याला मिळणारी सारी शक्ती बाहूंवरच उलटते आणि उत्तम धनुष्यही त्यात मोडते. पाठीवरची चिरफळी उचललेले धनुष्य दोऱ्याने बांधून वापरात ठेवण्याचा मोह टाळावा. ते भिंतीवर शोभते, हातात नाही.

प्रत्येक अपयश शिकवतेच असे मानणे हाही एक भ्रम आहे. तुकडे सरपणात गेले तर अपयश फक्त नुकसान करते. ते तपासले, मोजले आणि पुढच्या धनुष्यात एकच गोष्ट बदलून पाहिली, तरच ते शिकवते. सर्वच गोष्टी एकदम बदलल्या तर पुढचे धनुष्य टिकले तरी ते का टिकले हे कळत नाही. अ‍ॅस्कम यांच्या काळात हे सांगायला शेजारी एखादा जुना कारागीर असे. आज तो नाही. त्याची जागा कोपऱ्यात ठेवलेले दोन तुकडे आणि एक वही यांनाच घ्यावी लागते.